जिवंत माणसांची अडचण

व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरं होतील, असं पत्रिकेत छापलं होतं. झाली नाहीत. अध्यक्षांचा समारोप पाऊण तास चालला आणि लगेच वंदे मातरम् सुरू झालं. पाचव्या रांगेत बसून मी जे विचारणार होतो, ते आता इथं लिहितो आहे.

विषय होता युद्धपट. वक्ते तयारीचे होते, आवाज भारदस्त, ‘बॉर्डर’मधले संवाद तोंडपाठ. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक, सिनेमा म्हणजे इतिहासाचं पुस्तक नव्हे, भाजीत मीठ लागतंच. दोन, ‘बॉर्डर’ आला नसता तर लोंगेवाला हे नाव जैसलमेरबाहेर कुणाच्या कानावर पडलं नसतं. आणि तीन, खऱ्या लढाईतून वाचलेल्या जवानांना पडद्यावर मारलं म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं, की त्यात त्यांचा मान वाढलाच. जिवंतपणी हुतात्मा होण्याचं भाग्य कितीजणांना लाभतं? या शेवटच्या वाक्याला त्या संध्याकाळची सर्वांत मोठी टाळी पडली.

मिठाबद्दल माझी तक्रार नाही. दुसऱ्या मुद्द्याकडे नंतर येतो. तिसरा मात्र घशाखाली उतरत नाही. दोन तासांच्या त्या भाषणात सगळ्यांत चुकीचं वाक्य तेच होतं, आणि टाळीही त्यालाच पडली.

आधी त्या रात्री काय झालं ते पाहू. ४ डिसेंबर १९७१. लोंगेवालाच्या चौकीवर २३ पंजाबच्या ‘ए’ कंपनीचे सुमारे १२० जवान होते. सोबत सीमा सुरक्षा दलाची छोटी तुकडी आणि त्यांचे उंट. कंपनीचे प्रमुख मेजर कुलदीपसिंग चांदपुरी, वय ३१. रणगाड्यांशी लढायला त्यांच्याकडे जीपवर बसवलेली रिकॉइललेस तोफ होती. बाकी उखळी तोफा, मशीनगन आणि रायफली. गस्तीवर गेलेले लेफ्टनंट धरमवीर यांना सीमेपलीकडून इंजिनांची घरघर ऐकू आली. एकदोन नव्हे, पुष्कळ इंजिनं. पलीकडून चाळीसहून अधिक रणगाडे आणि दोन-तीन हजारांचं पायदळ निघालं होतं. नाश्ता लोंगेवालाला, दुपारचं जेवण रामगढला आणि रात्रीचं जैसलमेरला, असा त्यांचा बेत होता म्हणतात.

चांदपुरींनी मदत मागितली. जैसलमेरच्या तळावरची हंटर विमानं रात्री हल्ला करू शकत नव्हती, उजाडेपर्यंत कुणीच येणार नव्हतं. टिकता आलं तर टिका, नाहीतर रामगढकडे मागे या, निर्णय तुमचा, असं त्यांना सांगण्यात आलं. आता, मागे यायला गाड्या नव्हत्या. पायी निघालं तर उघड्या वाळूत मागून रणगाडे गाठणार. चौकी एका उंच टेकाडावर होती आणि भोवती रणगाडे रुतावेत अशी भुसभुशीत वाळू. चांदपुरींनी हा सगळा हिशोब केला आणि थांबायचं ठरवलं. सिनेमात हा निर्णय छाती फुगवून घेतला जातो. प्रत्यक्षात तो एका थंड डोक्याच्या माणसाने जमीन पाहून घेतला, आणि मला तरी हाच जास्त मोठा वाटतो.

मध्यरात्रीनंतर तोफांचा मारा सुरू झाला, त्यात सीमा सुरक्षा दलाचे काही उंट मेले. रणगाडे आले, आणि कंपनी गप्प बसून राहिली. पंधरा-तीस मीटरपर्यंत येऊ दिल्यावर पहिला बार काढला. पुढचे रणगाडे पेटले. लांबचा पल्ला गाठायचा म्हणून त्यांच्यावर जादा इंधनाची पिंपं बांधलेली होती. ती भडकली तशी टेकाडावरून सगळं लख्ख दिसू लागलं, आणि खाली जमिनीलगत धूर कोंडून पाकिस्तानी पायदळाला पुढचं काही दिसेना. त्यातच त्यांना एक काटेरी तार आडवी आली. तार दिसली म्हणजे सुरुंग पेरलेले असणार, असा त्यांचा समज झाला आणि पायदळ थबकलं. सुरुंग शोधण्यात त्यांचे जवळजवळ दोन तास गेले. तिथं सुरुंग नव्हतेच. रात्रीतले दोन तास एका तारेने खाल्ले.

उजाडलं आणि हंटर आली. वाळवंटात रणगाड्याला लपायला झाड नाही की भिंत नाही. त्या सकाळी विमानातून काढलेलं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे: वाळूवर रणगाड्यांच्या पट्ट्यांचे माग, लहान पोराने पाटीवर पेन्सिल फिरवावी तसे गोल गोल, एकमेकांत गुंतलेले. रॉकेटं चुकवायला चालक जीव खाऊन वळणं घेत होते, त्यांचे ते माग. माझ्या मते लोंगेवालाचं सगळ्यांत खरं चित्र तेच. त्यात माणूस एकही दिसत नाही, पण भीती अगदी स्पष्ट वाचता येते. लढाई संपली तेव्हा पाकिस्तानचे तीसहून जास्त रणगाडे निकामी झाले होते, दोनशेच्या आसपास माणसं मेली होती. पाकिस्तानच्या १८ व्या डिव्हिजनच्या प्रमुखांना नंतर पदावरून दूर केलं गेलं.

आणि आपले? आपले दोन जवान गेले.

दोन. हा आकडा कुणी म्हणजे कुणीच सभागृहात उच्चारला नाही. एवढ्या रणगाड्यांसमोर कंपनी रात्रभर बसली आणि सकाळी जवळजवळ सगळी माणसं आपल्या पायांवर उभी होती, हाच तर लोंगेवालाचा चमत्कार. चांदपुरींना महावीर चक्र मिळालं ते या चमत्काराबद्दल. आणि १३ जून १९९७ रोजी पडद्यावर आलेला सिनेमा नेमकी हीच गोष्ट आपल्यापासून लपवतो. त्यातले धरमवीर मरतात, भैरोसिंग मरतात, त्यांच्याबरोबर आणखीही बरेचजण. प्रत्येकाच्या मरणाआधी त्याच्या घरची एक आठवण आणि पाठोपाठ गाणं. खऱ्या मेजरने जी माणसं वाचवली, ती पडद्यावरच्या मेजरला, म्हणजे सनी देओलला, वाचवता आली नाहीत. आता सांगा, यात मान कुणाचा वाढला? चांदपुरींचा? जो सेनानी १२० माणसं घेऊन रात्र काढतो आणि जवळपास तेवढीच परत आणतो, त्याला आपण अर्धी कंपनी गमावलेला सेनानी करून ठेवलं, आणि वर म्हणतो की हा गौरव आहे.

दिग्दर्शकावर मी हेतूचा आरोप करत नाही. जे. पी. दत्ता यांचे बंधू हवाई दलात होते, मिग-२१ च्या अपघातात १९८७ साली गेले, आणि सिनेमा त्यांनाच अर्पण केलेला आहे. घरात झालेला मृत्यू माणूस कुठं ना कुठं मांडणारच. त्या सिनेमातलं दुःख खोटं नाही. फक्त ते ज्यांच्या अंगावर चढवलं, ती माणसं जिवंत होती.

भैरोसिंग राठोड यांचं उदाहरण घ्या. सीमा सुरक्षा दलाचे जवान, जोधपूरकडचे. त्या रात्री त्यांनी हलकी मशीनगन धरली आणि कित्येक तास चालवली. १९७२ साली सेना मेडल मिळालं, पुढे सेवा पूर्ण करून ते गावी परतले. सिनेमात सुनील शेट्टीने त्यांचं काम केलं आणि रणगाड्यासमोर प्राण सोडला. लोक रडले. खरे भैरोसिंग त्यानंतर २५ वर्षं जगले. १९ डिसेंबर २०२२ रोजी जोधपूरला, वयाच्या ८१ व्या वर्षी गेले. पडद्यावर आपल्याला मारलेलं पाहून, पुढे पाव शतक आपण जिवंत आहोत हे सांगत फिरायचं, याला आमचे वक्ते भाग्य म्हणतात. त्यांना स्वतःला असं भाग्य लाभलं तर? उद्या व्याख्यानमालेच्या स्मरणिकेत ‘कै.’ लावून त्यांचा फोटो छापला, तर मान वाढला म्हणून ते पेढे वाटतील काय?

मुळात आपल्याला वाचलेल्या माणसाची अडचण होते. हुतात्म्याचं सोपं असतं: चौकात पुतळा, जयंती-पुण्यतिथी, एक गाणं. तो काही मागत नाही, आपलं बोलणं तोडत नाही, ‘असं नव्हतं हो’ म्हणत नाही. वाचलेला माणूस म्हातारा होतो, पेन्शनच्या कागदांसाठी हेलपाटे घालतो, गुडघे धरून जिना चढतो आणि टीव्ही पाहताना भलतेच प्रश्न विचारतो.

हे मी मामांवरून सांगतो आहे. माझे मामा सातारा जिल्ह्यातले, पायदळात होते, ७१ ला जम्मूच्या बाजूला सीमेवर. त्यांच्या हातून काही मोठा पराक्रम घडला असं ते म्हणत नाहीत आणि आम्हीही म्हणत नाही. एका १५ ऑगस्टला त्यांच्याकडे जेवायला होतो, टीव्हीवर ‘बॉर्डर’ लागला होता. मामा खुर्चीत बसून शांतपणे पाहत होते. पडद्यावर धुमश्चक्री. मामीने डोळ्याला पदर लावला. मामा म्हणाले, “आरं, ह्यांच्या पाण्याच्या बाटल्या कुठायत?”

आम्ही हसलो. ते हसले नाहीत. “वाळूत रातभर वरडायलेत. घसा सुकंना का ह्यांचा? पाणी कोण आणून देतंय ह्यांना?” थोड्या वेळाने दुसरं: “मोर्चातनं सारखं उठून का हुबं राहत्यात? मोर्चा खणलाय कशासाठी?” आणि मग एकदम, कुणीही विचारलेलं नसताना: “आम्ही नुसतं बसलेलो. रात-रात नुसतं बसायचं. लई वंगाळ असतं ते बसणं. उठावंसं वाटतं, पळावंसं वाटतं, गोळी तरी झाडावी असं वाटतं. सुभेदार म्हणायचा, बस. बसला त्यो जगला.”

एवढं बोलून त्यांनी भात मागितला. लढाईबद्दल मी ऐकलेलं हे सगळ्यांत मोठं भाषण. सगळ्या लढाया अशाच असतात, असं मी मामांच्या एका वाक्यावरून ठरवत नाही. पण लोंगेवालाच्या टेकाडावर, रणगाडा पंधरा मीटरवर येईपर्यंत गप्प राहिलेल्या माणसांनी काय केलं हे मला त्या ‘बसण्या’वरून कळलं. सिनेमाला बसणं दाखवता येत नाही. त्याला उभं राहणं लागतं, ओरडणं लागतं. म्हणून तो जी गोष्ट सर्वांत अवघड होती ती कापून टाकतो आणि त्या जागी सोपी गोष्ट मोठ्या आवाजात घालतो. मीठ ते हे नव्हे. भाजी काढून घेऊन ताटात नुसतं मीठच वाढायचा हा प्रकार आहे.

आता भुज. हे उदाहरण वक्त्यांनी स्वतःच दिलं, शिवाय ‘आपला मराठी माणूस’ म्हणून अभिमानाने दिलं. त्यामुळे त्याला हात लावणं भाग आहे. त्याच युद्धात, ८ डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानी विमानांनी भुजच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. धावपट्टी उखडली. तळाचे प्रमुख स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक, मराठी माणूस, हे खरंच. दुरुस्तीला माणसं नव्हती. शेजारच्या माधापर गावातल्या सुमारे ३०० बायका आल्या आणि ७२ तासांत त्यांनी धावपट्टी पुन्हा वापरण्याजोगी केली.

या बायकांनी पुढे जे सांगितलं ते फार साधं आहे. वरून ओळखू येऊ नये म्हणून हिरवी लुगडी नेसा, असं त्यांना सांगितलं होतं. भोंगा वाजला की झुडपांत जाऊन पडायचं, थांबला की परत कामाला. पहिल्या दिवशी पोटात काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी जवळच्या देवळातून प्रसादाची सुखडी आणि फळं आली. आणि विमानांना धावपट्टी दिसू नये म्हणून ती शेणाने सारवली.

सारवली. जिने कधी अंगण सारवलं आहे तिला विचारा. शेण कालवायचं, पाणी बेताचं घालायचं, जास्त झालं तर थर सुटतो, कमी झालं तर भेगा पडतात. हात फिरवायचा तो एका लयीत, कमरेत वाकून, मागे मागे सरकत. हे काम या बायकांनी आयुष्यभर दारापुढे केलं होतं. तेच त्यांनी हवाई दलाच्या धावपट्टीवर केलं, डोक्यावर कधी विमान येईल याचा नेम नसताना. युद्धाच्या इतक्या गोष्टी वाचल्या, पण घरातलं रोजचं कसब असं थेट रणात उतरलेलं क्वचितच वाचायला मिळतं. मराठी, गुजराती, कुठल्याही बाईला ही गोष्ट नुसती ऐकून अंगावर काटा येईल, कारण तिला त्या शेणाचा वास ठाऊक आहे.

२०२१ साली आलेल्या ‘भुज: द प्राइड ऑफ इंडिया’ला हे पुरलं नाही. त्यातली गावची नायिका बिबट्या मारते. विमान उतरताना पुढचं चाक नाही, तर खाली ट्रक घालून कर्णिकांच्या भूमिकेतला अजय देवगण ते तोलून धरतो. ३०० बायका आहेत, पण एका माणसाच्या मागे उभ्या राहायला. ७२ तासांचं पाठ मोडणारं काम काही मिनिटांत गाण्यासारखं आटोपतं. बिबट्या मारणारी बाई शूर आणि सारवणारी नाही, असं सिनेमा तोंडाने म्हणत नाही. पण बिबट्या घालावा लागला यातच ते म्हणून झालं. वक्ते म्हणतात, थोडी अतिशयोक्ती. माझं म्हणणं, अतिशयोक्ती असती तर चाललं असतं. ३०० च्या ५०० बायका केल्या असत्या, ७२ तासांचे २४ केले असते, माझी काही तक्रार नव्हती. इथं मात्र मोठं करण्याच्या नावाखाली मूळ गोष्टच बदलून दुसरी दिली आहे. देवळात पालखी निघाली, पडदे सारले, आत देव भलताच.

दुसऱ्या मुद्द्याकडे येतो: सिनेमा नसता तर लोंगेवाला कुणाला ठाऊक असतं? दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी तिथं गेलो होतो. जैसलमेरहून रामगढमार्गे गाडीने, वाटेत वाळू आणि पवनचक्क्या. स्मारक नीटनेटकं आहे. पाकिस्तानचा टी-५९ रणगाडा उभा आहे, त्याच्याशेजारी फोटो काढून घ्यायला रांग. माझ्यापुढे पुण्याचं एक कुटुंब होतं. वडील सात-आठ वर्षांच्या मुलाला सांगत होते, “हाच तो रणगाडा, सनी देओलने उडवला ना, तो.” मुलाने विचारलं, “खरा?” वडील क्षणभर गोंधळले आणि म्हणाले, “हो, खरा.” त्या ‘खरा’मध्ये काय काय कोंबलं गेलं ते वडिलांनाही सांगता आलं नसतं. लोंगेवाला माहीत झालं, कबूल. काय माहीत झालं? चौकी माहीत झाली, तार नाही. आवाज माहीत झाला, गप्प बसणं नाही. नाव माहीत झालं, आणि ज्याचं नाव, त्याचा चेहरा दुसऱ्याचाच.

इथं कुणी म्हणेल, आणि सभागृहात एकजण कुजबुजलाही, की खरं तरी कुणाला ठाऊक आहे? लोंगेवालाबद्दल तर प्रत्यक्ष भाग घेतलेलेच भांडले. हे बरोबर आहे आणि मला ते टाळायचं नाही. पुढे काही निवृत्त अधिकाऱ्यांनी जाहीरपणे म्हटलं की लढाई विमानांनी जिंकली, जमिनीवर फारसं काही घडलंच नाही. चांदपुरी दुखावले, कोर्टात गेले आणि भरपाई मागितली ती एक रुपया. हवाई दलाचा वाटा प्रचंड होता यात शंका नाही. ते वाळूवरचे माग खोटं बोलत नाहीत. आणि विमानं येईपर्यंत रणगाडे तिथंच का अडकून राहिले, याचं उत्तर टेकाडावरच्या माणसांत, तारेत आणि वाळूत शोधावं लागतं. कुणाचा वाटा किती, यावर जाणकार अजून वाद घालतील. घालू देत. खऱ्या गोष्टीभोवती वाद असतोच, कारण तिथं बरीच माणसं होती आणि प्रत्येकाने अंधारात आपल्यापुरतं पाहिलं. सिनेमा हा वाद मिटवून टाकतो. एक रुपयाचा दावा लावणारा म्हातारा सेनानी त्याला परवडत नाही. हेही सांगायला हवं की विमानांना रात्री उडता येत नाही, तळावर वैमानिक चरफडत बसले आहेत, हे ‘बॉर्डर’ने दाखवलं आणि बऱ्यापैकी दाखवलं. तेवढ्या भागात सिनेमालाही बसणं जमलं म्हणायचं.

आणि हो, ‘हॉलिवूडवाले बघा, जसंच्या तसं दाखवतात’ हे वाक्यही झालंच. ते न झालेलं व्याख्यान मी आजवर ऐकलेलं नाही. ‘ब्लॅक हॉक डाउन’चं नाव घेतलं गेलं. ३-४ ऑक्टोबर १९९३, सोमालियातलं मोगादिशू. अमेरिकेची दोन हेलिकॉप्टरं शहरात पाडली गेली, अठरा अमेरिकन सैनिक मेले, सोमाली किती मेले याचा अंदाजच करावा लागतो, पण शेकड्यांनी. मार्क बोडेन या पत्रकाराने आधी वृत्तपत्रात लेखमाला लिहिली, १९९९ साली पुस्तक काढलं. तो सोमाली लोकांकडेही गेला. ज्यांच्या छपरांवर ही लढाई कोसळली त्यांनी काय पाहिलं हे पुस्तकात आहे. २००१ च्या सिनेमात तपशील खरोखर बारकाईने आहेत, गणवेश, शस्त्रं, हेलिकॉप्टरच्या पात्यांचा आवाज, सगळं. फक्त सोमाली माणूस दिसतो तो गर्दी म्हणून. आणि अडकलेल्या अमेरिकनांना बाहेर काढायला ज्यांच्या चिलखती गाड्या आणि रणगाडे आले त्या मलेशियन आणि पाकिस्तानी सैनिकांच्या वाट्याला पडद्यावर काही क्षण येतात. त्या मोहिमेत एक मलेशियन सैनिक मेला. पाकिस्तानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मुशर्रफ यांनी आपल्या आत्मचरित्रात याची तक्रार केली, आणि मलेशियाने तर २०२३ साली ‘मालबट: मिसी बाकारा’ नावाचा स्वतःचाच सिनेमा काढला. बावीस वर्षांनी, एका सिनेमाला उत्तर म्हणून दुसरा सिनेमा. त्यात त्यांनी आपलं मीठ घातलं असेल, तो भाग वेगळा.

‘लोन सर्व्हायव्हर’चंही तेच. २००५ साली अफगाणिस्तानात जखमी झालेल्या अमेरिकन सैनिकाला गुलाब नावाच्या पश्तून माणसाने घरात घेतलं, तालिबानच्या धमक्यांना न जुमानता. दारात आलेल्याला टाकायचं नाही, या पश्तूनांच्या जुन्या रिवाजापायी. सिनेमाला शेवटी गावात मोठी चकमक लागली, जी त्या सैनिकाच्या स्वतःच्या पुस्तकातही नाही. नुसतं दार उघडणं पुरेसं वाटलं नाही. म्हणजे रोग आपल्याकडचाच आहे असं नाही. तिकडे यंत्रसामग्री चांगली, एवढाच फरक.

मला कुणी विचारेल, मग काढावा तरी कशावर सिनेमा? माझ्याकडे एक नाव आहे. राम राघोबा राणे. कारवारजवळच्या चेंडियाचे, बॉम्बे सॅपर्सचे, सेकंड लेफ्टनंट. एप्रिल १९४८, नौशेराहून राजौरीकडे जाणारा रस्ता. शत्रूने जागोजाग सुरुंग पेरले होते, झाडं पाडून वाट अडवली होती, वरच्या डोंगरांतून गोळीबार चालू. राणे आणि त्यांचे लोक पुढे, रणगाडे मागे. सुरुंग शोधायचा, काढायचा. झाड उडवायचं, ओढून बाजूला करायचं. वळणरस्ता काढायचा, की पुढचा अडथळा. ८ एप्रिलपासून तीन-चार दिवस हे चाललं, राणे जखमी असतानाही. त्यांच्या हातात बंदुकीपेक्षा कुदळ आणि सुरुंग शोधायची सळई जास्त वेळ होती. त्यांना परमवीर चक्र मिळालं आणि ते मिळाल्यावर चार दशकांहून अधिक काळ जगून १९९४ साली पुण्यात गेले. सेनेचं सर्वोच्च शौर्यपदक, आणि काम काय, तर रस्ता मोकळा करणं. राणेंच्या वाट्याला सनी देओल आला नाही. यावं तरी कसं? संवाद कुठं टाकणार? सुरुंग काढताना माणूस ओरडत नाही. ओरडला तर हात हलतो.

म्हणून वक्त्यांना माझी एक विनंती. तुमची व्याख्यानमाला पुढच्या वर्षीही होईल, देणगीदार आहेत, सभागृह आहे. एका संध्याकाळी माझ्या मामांना बोलवा. विषय ‘पाण्याची बाटली’ ठेवा. मानधन नको, येण्याजाण्याची रिक्षा द्या. संवाद म्हणणार नाहीत, टाळीचं वाक्यही बहुधा नसेल, मध्येच भलतंच काहीतरी आठवून गप्प बसतील. त्या गप्प बसण्याच्या वेळी अध्यक्षांनी समारोपाला उठू नये, एवढं फक्त बघा. आणि खुर्ची ठेवा, हात टेकता येतील अशी. मामा बसूनच बोलतात.